गोव्यातला कायदा आणि गोव्यातली रीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी इथून वकिलाकडे येणारा माणूस बहुधा एका कागदासाठी येतो. वडील गेले, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली कारवाई, करायची आहे. मुलीचं लग्न ठरलं, सही कुठे करायची? देवळात पालखीवरून तंटा झाला. पण बोलता बोलता प्रश्न मोठा होतो: हा कायदा असा का? शेजारच्या सिंधुदुर्गात वेगळा आणि आपल्याकडे वेगळा कसा? असे पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कलमं पुस्तकात मिळतात. ती कोणत्या चालीरीतींतून आली आणि आज कोणत्या चालीरीती त्यांच्या आड येतात, हे मात्र कोणी समजावून सांगत नाही. म्हणून भर त्यावर आहे.

संस्कृती कायदा घडवते, म्हणजे नेमकं काय होतं?

कायदा लिहिणाऱ्याच्या मनात काही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. घर म्हणजे कोण कोण, जमीन माणसाची की कुळाची, लेक माहेरची की सासरची. लिहिताना तो त्या वेगळ्या सांगत नाही, कारण त्याला त्या सांगण्यासारख्या वाटतच नाहीत.

जुनं उदाहरण बघा. धर्मशास्त्राचा आधार एकच, पण मिताक्षरा मानणाऱ्या प्रदेशांत मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क मिळाला आणि दायभाग मानणाऱ्या बंगालात तो वडिलांच्या मृत्यूनंतर मिळाला. ग्रंथ तेच, माणसं वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. आपल्या स्मृतिकारांना हे ठाऊक होतं. राजाने देश, जाती आणि कुळाचे आचार पाहून निवाडा करावा, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. युरोपात १८१४ साली जर्मन कायदेपंडित साविन्यी यानेही जवळपास हेच मांडलं: कायदा लोकांच्या जगण्यातून उगवतो, घाईने संहिता करून तो लादू नये.

गोव्यात मात्र परक्या लोकांच्या रीतीतून उगवलेला कायदा आपल्या रीतीवर येऊन बसला आणि दोघांनी एकमेकांना वाकवलं. म्हणून हा विषय समजून घ्यायला गोव्याइतकी चांगली जागा नाही.

पोर्तुगीज येण्याआधी गोव्यात कायदाच नव्हता का?

होता, पण लिहिलेला नव्हता. गावकरी हीच गावाची सत्ता होती. जमीन गावाची, कसायला कोणाला द्यायची ते गावकऱ्यांच्या बैठकीत ठरायचं, देवळाचा आणि बांधाचा खर्च आधी काढायचा, उरलेलं वाटून घ्यायचं.

१५१०मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतलं आणि १६ सप्टेंबर १५२६ रोजी आफोंसो मेशियाने तिसवाडीच्या गावांच्या या चालींचा फोराल, म्हणजे सनद, लिहून काढला. त्याच्या सुरुवातीलाच कथा आहे: फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली, त्यांनी ती जमीन राखली, लागवडीला आणली, आणि ती नीट चालवली म्हणून त्यांना गावकर म्हणू लागले. जिंकणाऱ्या सत्तेच्या दस्तऐवजात जिंकलेल्यांची मूळकथा हक्काचा आधार म्हणून नोंदली गेली! अर्थात यामागे प्रेम नव्हतं. महसूल हवा होता, आणि महसूल गोळा करणारी यंत्रणा गावात तयारच होती.

लिहिल्याने एक मोठा फरक पडला. तोंडी चाल दर पिढीत थोडी सरकते. कागदावर आलेली चाल थिजते. पुढे कोमुनिदाद म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थांचा कायदा वेळोवेळी नव्याने लिहिला गेला. सध्याची कोमुनिदाद संहिता १९६१च्या एप्रिलमधली, म्हणजे मुक्तीच्या अवघे आठ महिने आधीची आहे.

मग कोमुनिदादीचं झोण, म्हणजे गावकराला मिळणारा उत्पन्नाचा वाटा, मुलींना का मिळत नाही?

कारण चाल थिजली तेव्हा ती पुरुषवंशाची होती. गावकर हा गावकराचा मुलगा. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, सबब तिचा गावाशी संबंध संपतो, हे गृहीत जसंच्या तसं कायद्यात आलं. आज वडिलांच्या घरात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे आणि वडिलांच्या कोमुनिदादीत मात्र बहुतेक ठिकाणी तिला जागा नाही. झोणाची रक्कम बहुतेक गावांत किरकोळ असते, म्हणून कोणी भांडत नाही. माझ्या मते प्रश्न रकमेचा नाही, गावाची म्हणून तिची नोंद होण्याचा आहे, आणि हा बदल कधीच व्हायला हवा होता.

खाजनाचा या सगळ्याशी काय संबंध?

फार जवळचा. रीत कायदा कसा होते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर खाजनाच्या बांधावर जावं.

मांडवी-झुआरीच्या काठची ही शेतं भरतीच्या पाण्याखालून बांध घालून मिळवलेली आहेत. बांधात ठिकठिकाणी मानस, म्हणजे पाण्याचं दार, असते. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं. भरती आली की नदीच दार लोटून बंद करते. साधी लाकडी रचना, पण तिच्यावर अख्ख्या गावाचं भात अवलंबून. एकाने आपल्यापुरता बांध फोडला तर खारं पाणी सगळ्यांच्या शेतात. त्यामुळे इथे ‘माझी जमीन, मी काय वाटेल ते करीन’ हा विचार रुजणं शक्यच नव्हतं. बांध कोणी राखायचा, डागडुजीला कोण माणूस देणार, मानशीवर मासे धरायच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, कसा करायचा, आलेला पैसा कशावर खर्च करायचा, हे नियम पाणी आणि माती यांनी शिकवले. ते आधी गावकरीच्या चालीत होते, मग कोमुनिदादीच्या कायद्यात आले, आणि मुक्तीनंतर कूळ कायद्याखालच्या शेतकरी संघटनांकडे गेले.

नियम गेले, सवय मात्र पूर्ण गेली नाही, की पूर्ण टिकली नाही. पावणी घेणाऱ्याला मासे हवे असतात, म्हणून काही ठिकाणी खारं पाणी गरजेपेक्षा जास्त आत घेतलं जातं. शेत पडीक झालं की तिथे खारफुटी उगवते, आणि खारफुटी तोडायला पर्यावरणाचा कायदा आडवा येतो. तो कायदाही आपल्या जागी बरोबरच आहे. पण दिल्लीत बसून किनारा पाहणाऱ्याला खारफुटी म्हणजे निसर्ग दिसतो, आणि खाजनात वाढलेल्याला ती फुटलेल्या बांधाची खूण दिसते. २०११च्या किनारी क्षेत्र नियमांत गोव्यातल्या खाजनांसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

पोर्तुगीज नागरी संहिता सगळ्यांना सरसकट लागू झाली का?

नाही. १८६७ची ही संहिता १८७०पासून गोव्यात लागू झाली, पण राज्यकर्त्यांना लगेच कळलं की हिंदू घरात ती जशीच्या तशी चालणार नाही. १६ डिसेंबर १८८०च्या हुकमाने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची वेगळी संहिता झाली. दत्तकाचं उदाहरण घ्या. १८६७च्या संहितेत दत्तकाला जागाच नव्हती. आपल्याकडे मुलगा नसलेल्या घरात पिंडदानाचं काय, देवाचं कोण करणार, हे प्रश्न जिवाचे. म्हणून १८८०च्या संहितेने हिंदूंसाठी दत्तक राखलं. एकत्र कुटुंबाच्या चालीचीही दखल घेतली.

गोव्यात हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करता येतं, हे खरं का?

१८८०च्या संहितेत ते आहे: पहिल्या बायकोला तिच्या वयाच्या २५ वर्षांपर्यंत मूलच झालं नाही, किंवा वयाच्या ३० वर्षांपर्यंत मुलगा झाला नाही, अशा काही अटींवर. वाचताना राग येतो, आणि यायलाच हवा. मूल न होण्याचा दोष बाईचा आणि मुलगी म्हणजे अपुरी संतती, ही दोन गृहीतं कायद्याच्या भाषेत इतक्या शांतपणे बसली आहेत. आज व्यवहारात या सवलतीला जीव उरलेला नाही. कोणी तिच्या नावावर तुम्हाला काही पटवू पाहत असेल, तर सही करू नका.

नवरा-बायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी, ही कल्पना कोणाची?

पोर्तुगालच्या सामान्य लोकांची. लग्नाआधी काही करार केला नाही तर लग्न ‘राज्याच्या रीतीप्रमाणे’ झालं असं मानावं, असं १८६७ची संहिताच सांगते. ती रीत म्हणजे सगळ्या मालमत्तेचं एकत्रीकरण: लग्नाआधीची, लग्नानंतरची, वडिलार्जित, थोडे अपवाद सोडून सगळी. दोघंही निम्म्याचे मालक. नवरा गेला तर बायकोला तिचं अर्धं वारसा म्हणून मिळत नाही, ते आधीपासून तिचंच असतं. घर किंवा जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात.

खुद्द पोर्तुगालने १९६६च्या नव्या संहितेत ही रीत बदलली. तिथे आता करार नसेल तर लग्नानंतर मिळवलेलंच सामाईक धरतात. तोवर गोवा मुक्त झालं होतं. १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले होते. त्यामुळे पोर्तुगालची जुनी रीत पोर्तुगालमध्ये मागे पडली आणि गोव्यात राहिली. १९६१च्या आयकर कायद्यात ५-अ कलम घालून केंद्रानेही तिला मान दिला: पगार सोडून इतर उत्पन्न, म्हणजे घरभाडं वगैरे, गोव्यातल्या नवरा-बायकोच्या नावे निम्मं निम्मं धरलं जातं.

ही व्यवस्था नको असेल तर लग्नापूर्वी नोंदणीकृत करार करावा लागतो. लग्नानंतर तो करता येत नाही, बदलताही येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत मानपान, जेवणावळ, दागिने सगळ्यांवर चर्चा होते. या करारावर बोलणं अशुभ मानतात. कायदा जोडप्यासमोर चार पर्याय ठेवतो, आणि बहुतेक घरं चारही न पाहता पहिल्याला, म्हणजे या सामाईक व्यवस्थेला, हो म्हणतात.

मुलींना समान वाटा आहे, तरी त्या हक्कसोड का करतात?

या पानावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

उपनिबंधकाच्या कार्यालयात हे कायम दिसतं. भाऊ सगळे कागद तयार करून आणतो. दस्त इंग्रजीत, आणि बहिणीला सहज वाचता येतं ते मराठी. शेवटच्या पानावर पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असते, सही तिथे करायची. शेजारी जावई उभा, कारण गोव्यात त्याचीही सही लागते. ‘वाचलंत का?’ विचारलं तर ती भावाकडे बघते. एका ताईंनी मला हळूच विचारलं होतं, ‘सही केली नाही तर चवथीला माहेरी जायचं कुठल्या तोंडाने?’

त्या एका वाक्यात अख्खं उत्तर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माहेरहून भेटींचं ओझं येतं, बाळंतपण माहेरी होतं, सासरी काही बिनसलं तर पाठीशी उभा राहतो तो भाऊ. तिच्या दृष्टीने माहेर हा जन्मभराचा आधार आहे, आणि वाटा मागणं म्हणजे तो आधार तोडणं. ती अजाण नसते. तिने हिशेब केलेला असतो, आणि त्या हिशेबात नातं जड भरतं. मला चीड येते ती हा हिशेब तिच्यावर लादला जातो याची. भावाला असा हिशेब कधी करावा लागत नाही.

घरच्यांच्या मनात आणखी एक भीती असते आणि ती थेट कायद्यातून येते. मालमत्ता सामाईक असल्याने बहिणीला मिळालेल्या वाट्यातला निम्मा जावयाचा होतो. म्हणजे बाईला सासरी अर्धा हक्क देणारा नियमच माहेरी तिच्याविरुद्ध वापरला जातो.

काही गोष्टी मात्र प्रत्येकीने पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. आई-वडील जिवंत असताना त्यांच्या वारशावरचा हक्क सोडता येत नाही. लग्नाच्या वेळी लिहून घेतलेल्या तसल्या कागदाला किंमत नाही. ‘तुझ्या लग्नाला खर्च केला, तोच तुझा वाटा’ हा युक्तिवादही परस्पर चालत नाही: मुलांना जे बक्षीस दिलं ते वाटणीच्या वेळी हिशेबात धरतात, आणि हा नियम भावाला बांधून दिलेल्या दुकानालाही तितकाच लागू आहे. हक्कसोड एकदा केली की मागे घेता येत नाही. ती ठरावीक एका भावाच्या नावेही होत नाही. तो वाटा बाकीच्या वारसांत जातो. आणि दस्त आपल्याला कळणाऱ्या भाषेत समजावून मागणं हा भांडखोरपणा नाही.

वाटा घेऊनही माहेर टिकल्याची घरं मी पाहिली आहेत. तिथे बहुतेक वेळा वडिलांनी हयातीतच विषय काढलेला असतो.

इन्व्हेंटरीत घराची बोली लागते, म्हणजे काय?

वारसांचं एकमत झालं नाही तर मालमत्तेवर वारसच आपापसात बोली लावतात. जो जास्त बोलेल त्याला ती वस्तू मिळते आणि त्याच्या वाट्यापेक्षा जितकं जास्त गेलं तितकी फरकाची रक्कम तो इतरांना देतो. पद्धत न्याय्य आहे, घराचे तुकडे पडत नाहीत. पण राजांगणाचं घर, त्यात देवघर, आणि भाऊ एकमेकांविरुद्ध आकडे बोलताहेत, हे आपल्या माणसांना सोसत नाही. म्हणून अनेक इन्व्हेंटऱ्या वर्षानुवर्षं सुरूच केल्या जात नाहीत, आजोबांच्या नावावरचं घर नातवंडांच्या काळात गळू लागतं. २०१२चा नवा वारसाहक्क कायदा २२ डिसेंबर २०१६पासून लागू आहे. त्याने मराठी-कोंकणी माणसाला जुनी पोर्तुगीज कलमं धुंडाळण्याच्या त्रासातून बरंच सोडवलं. शक्य असेल तर बोलीची वेळ येण्याआधी सहमतीने वाटणी करा.

मृत्युपत्राने सगळं एकाच मुलाला देता येतं का?

नाही. आपल्या हिश्श्यातलं निम्मंच तुमच्या मर्जीचं. उरलेलं निम्मं मुलांसाठी राखीव आहे, मुलगा-मुलगी सारखेच.

लग्नाला दोन सह्या कशाला? अक्षता पडल्या की लग्न झालंच ना?

समाजाच्या लेखी झालं. कायद्याच्या लेखी लग्न हा नागरी करार आहे, १९१०मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर केलेल्या कायद्यापासून. राजेशाही आणि चर्चची पकड सैल करायला निघालेल्या माणसांनी तो केला, आणि त्याचा परिणाम पेडण्यातल्या मांडवापर्यंत पोचला. पहिल्या सहीने इरादा जाहीर होतो, हरकतींसाठी मुदत दिली जाते, दुसऱ्या सहीने लग्न पक्कं होतं. ख्रिस्ती जोडप्यांसाठी नंतर चर्चमधल्या विवाहाला वेगळी मान्यता मिळाली. पहिली सही करून दुसरी राहून गेलेली माणसं पुढे फार अडकतात. वऱ्हाडाच्या धावपळीत दुसऱ्या सहीची तारीख विसरू नका, आणि सून महाराष्ट्रातली असेल तर तिच्या घरच्यांना हे आधीच समजावून सांगा, कारण त्यांना याची कल्पना नसते.

देवळातल्या मानाचा तंटा कोर्टात कसा जातो?

सोळाव्या शतकात मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, आली. देव आले, पण त्यांचे महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार, अनेकदा दूरच्या गावांत, पुढे तर मुंबई-कारवारपर्यंत पांगले. देवाची रोजची सेवा मात्र नव्या गावातल्या लोकांनी केली. पोर्तुगीज देवस्थान नियमावलीने, १८८६ची आणि मग १९३३ची, कारभार महाजनांच्या नावे नोंदला. पालखी, शिगमो, मानाचा नारळ यांवरून होणाऱ्या तंट्यांच्या मुळाशी बऱ्याच ठिकाणी हेच असतं: एकाकडे नोंद आहे, दुसऱ्याकडे पिढ्यांची सेवा. कोर्ट नोंद वाचू शकतं. सेवा मोजायचं साधन त्याच्याकडे नाही, म्हणून निकाल लागला तरी तंटा संपत नाही. गावाने बसून लेखी समेट केला, तर तो निकालापेक्षा जास्त टिकतो.

कायदाही रीत बदलतो का?

बदलतो. भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीत राहणारा मुंडकार यांचं नातं बघा. मुंडकाराचं घर भाटकाराच्या जमिनीत, ‘जा’ म्हटलं की जावं लागे. हे इतकं मुरलेलं होतं की त्यात अन्याय आहे असं अनेकांना वाटतही नसे. १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार संरक्षण कायदा, १९७६ची कूळ कायद्यातली दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा आणि राहणाऱ्याला घराचा हक्क दिला. बांदोडकर आणि शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री होते, त्या काळातलं हे काम. अजून पुष्कळ खटले मामलेदाराकडे पडून आहेत, पण भाटकारासमोर मान खाली घालून उभं राहायची सवय मोडली. माणसाला आधी कागदावर हक्क मिळाला आणि मग पाठ ताठ झाली.

गोव्याचा कायदा देशासाठी समान नागरी कायद्याचा नमुना ठरेल का?

सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या एका निकालात गोव्याचं कौतुक केलं आहे, आणि गोमंतकीयाच्या राज्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच वारसा कायदा लागतो असं सांगितलं. हिंदू वारसा कायदा आणि शरियत कायदा दोन्ही गोव्याला लागू केलेले नाहीत, त्यामुळे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना वारशाचा एकच नियम आहे. हे मोठं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण १८८०ची संहिता आणि चर्चच्या विवाहाची वेगळी वाट पाहिली की तो पूर्ण समान नाही हेही दिसतं. शिवाय इथे तो रुजायला दीडशे वर्षं लागली. उचलून दुसरीकडे नेताना तिथल्या बहिणीला माहेर कसं राखायचं आहे, हे आधी तिलाच विचारावं लागेल.

घरात जुने पोर्तुगीज कागद आहेत. त्यांचं काय करू?

फेकू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. जमिनीचे आल्वारा, म्हणजे सरकारी परवाने, विक्रीचे दस्त, जुन्या इन्व्हेंटरीच्या प्रती यांवर आजही खटले ठरतात. आधी फोटो काढून ठेवा, मग पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून भाषांतर करून घ्या. मूळ नोंद हरवली असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात आणि नोंदणी कार्यालयात शोध घेता येतो. त्यासाठी गावाचं जुनं नाव, वाड्याचं नाव आणि पणजोबांचं पूर्ण नाव लागतं, तेव्हा घरातल्या सर्वात वयस्क माणसाकडून ते आजच लिहून घ्या.